कुरकुर

आमच्या घरात एक सागवानी टेबल आहे. शिक्षकाच्या नोकरीनिमित्त वसई सोडून मी १९८७ साली सावलीस आलो आणि दुसऱ्याच वर्षी ते करवून घेतले. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलप्रदेशात राहायचे आणि लोखंडी टेबल वापरायचे हे काही मनाला पटेना. टेबलाला एकच रुंद खण आहे. त्यात किल्ल्या, रेशनकार्ड, औषधाच्या पट्ट्या, दुधाचा हिशेब लिहिलेली वही, जपमाळ, सुया-दोरे असे सारे काही सुखाने नांदते. टेबल माझे म्हणून घेतले गेले, पण खण प्रथमपासून माझ्या पत्नीचाच झाला. दिवसातून दहा-पंधरा वेळा तो उघडतो आणि मिटतो.

हा खण पावसाळ्यात कुरकुरतो. मृगाच्या सरी येऊन गेल्या की आठ-दहा दिवसांत त्याला कंठ फुटतो आणि दिवाळी उलटेपर्यंत तो बंद होत नाही. वैशाखात, पारा शेचाळीस-सत्तेचाळीस अंशांवर जातो तेव्हा, तोच खण बोटाच्या धक्क्याने मुकाट्याने सरकतो. कारण सर्वांना ठाऊक असते. लाकूड तोडून, चिरून, रंधून त्याचे टेबल केले तरी हवेतला ओलावा घेण्याची आणि सोडण्याची त्याची सवय जात नाही. ते तंतूंच्या दिशेने, म्हणजे लांबीत, जवळजवळ मुळीच वाढत नाही. आडवे मात्र फुगते. सागवान त्यातल्या त्यात संयमी. पण खणाखालच्या पट्ट्या सागवानाच्या नव्हत्या, ऐनाच्या होत्या. ऐनाला इकडे येन म्हणतात. पैसे वाचवण्यासाठी ती सूचना मीच केली होती.

पुष्कळ वर्षांपूर्वीच्या एका श्रावणात मी सकाळी वर्तमानपत्र वाचत बसलो असता खण तीन वेळा ओरडला. मी वैतागून उठलो, खोबरेल तेलाची बाटली आणली आणि पट्ट्यांवर सढळ हाताने तेल सोडले. चार दिवस शांतता लाभली. पाचव्या दिवसापासून आवाज पुन्हा सुरू झाला आणि तो पूर्वीपेक्षा जाड होता. तेल लाकडात मुरले, वर धूळ बसली आणि दोहोंचा चिकट थर तयार झाला. तेव्हा मी पत्नीला एवढेच म्हणालो, "जरा हळू उघडत जा ना." ती काही बोलली नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत आवाज थांबला. माझे तेल उशिरा का होईना लागू पडले, अशी माझी समजूत झाली आणि तो विषय माझ्या मनातून पुसला गेला.

तो पुन्हा निघाला गेल्या पावसाळ्यात. पत्नीच्या डाव्या खांद्याने दुखणे धरले. डॉक्टरांनी त्या हाताने काहीही उचलण्यास मनाई केली. दुसऱ्या दिवशी सकाळी खण ओरडला आणि मी चकित होऊन विचारले, "हा पुन्हा कधीपासून बिघडला?" ती म्हणाली, "तो बरा झालाच कधी होता? मी डाव्या हाताने खालून उचलून धरत होते."

वाचकहो, ही वाक्ये तिने कोणत्याही रोषाने उच्चारली नव्हती. पंचांगातील तिथी सांगावी तशी सांगितली. परंतु मी हिशेब करू लागलो. गणिताच्या शिक्षकाला ती खोडच असते. दिवसाला दहा वेळा, वर्षाचे साडेचार महिने, आणि अशी किती वर्षे! गुणाकार मी पुरा केला नाही. तिचा खांदा त्या खणामुळेच दुखावला, असे मी म्हणणार नाही. डॉक्टरही तसे म्हणाले नाहीत. पण माझ्या घरातील जी शांतता मी तेलाच्या नावावर जमा केली होती, ती एका माणसाच्या हातावर तोलून धरलेली होती, एवढे मात्र खरे.

त्याच आठवड्यात मी वाढयाला बोलावून आणले. आमच्या वसईत ज्यांना सुतार म्हणतात त्यांना इकडे वाढई म्हणतात. पन्नाशीचे, मितभाषी गृहस्थ. मी त्यांना खण दाखवला, पट्ट्या दाखवल्या, तेलाची कथाही सांगितली. त्यांनी खण बाहेर काढून भिंतीला टेकवून ठेवला आणि त्याच्याकडे पुन्हा पाहिलेही नाही. खिशातून सुतळी काढून त्यांनी खणाच्या रिकाम्या चौकटीच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत धरली, गाठ मारली. मग तीच सुतळी दुसऱ्या दोन कोपऱ्यांवर धरली. गाठ बोटभर बाहेर आली.

"गुरुजी, टेबल वाकलं हाय जी. ड्रावरचा काय दोष?"

आयताचे दोन्ही कर्ण समान लांबीचे असतात, हे प्रमेय मी सावलीच्या मुलांना किती तुकड्यांतून शिकवले असेल! ज्या टेबलावर बसून मी त्यांच्या वह्या तपासल्या, त्याच टेबलाचे कर्ण असमान होते. टेबलाच्या मागच्या एका पायाखालची फरशी खचली होती. टेबल त्या बाजूला कलले, त्याच्याबरोबर चौकट तिरकी झाली आणि सरळ, काटकोनी, निर्दोष असा खण त्या तिरक्या चौकटीत दोन कोपऱ्यांवर आवळला जाऊ लागला. उन्हाळ्यात लाकूड आकसले की त्याला निसटण्यापुरती जागा मिळे. पावसाळ्यात तीही नाहीशी होई.

वाढईबुवांनी पायाखाली सागवानाची पातळ पाचर बसवली, सुतळीने कर्ण पुन्हा मोजले, एका पट्टीवरून रंध्याचे दोनच हात फिरवले. आणखी थोडे रंधावे, अशी माझी सूचना त्यांनी मानली नाही. "आता जास्त रंधलं त उन्हाळ्यात ढिल्ला होईल जी." तेलाचा थर त्यांनी पटाशीने खरवडून काढला. मग पत्नीकडे वळून म्हणाले, "काकू, मेणबत्तीचा तुकडा हाय का घरी?"

आवाज नेमका कसा निर्माण होतो हे शाळेत शिकवताना मी व्हायोलिनचे उदाहरण देत असे. गजाच्या केसांना राळ लावलेली असते. त्यामुळे गज तारेला धरतो, ओढतो. ताण असह्य झाला की तार सुटते, लगेच पुन्हा धरली जाते. हे एका सेकंदात शेकडो वेळा होते आणि त्या धरण्या-सुटण्याचा नाद होतो. खणाचेही हेच. दाबाखाली लाकूड लाकडाला धरते, किंचित वाकते, सुटते, पुन्हा धरते. आवळलेला दाब नसेल तर नुसत्या घासण्याने एवढा आवाज होत नाही. म्हणजे कुरकुर ऐकू आली की दोन वस्तूंमध्ये कोठेतरी अवाजवी दाब आहे, एवढे निश्चित समजावे. तो दाब कोणाचा, हे मात्र आवाज सांगत नाही. ते सुतळी धरून शोधावे लागते. जुने गाडीवान बंडीला वंगणाचे भांडे टांगून हिंडत, पण चाक कण्यावर वाकडे बसले असेल तर ते नुसत्या वंगणावर समाधान मानीत नसत.

कुरकुर हा आपल्या भाषेतला मोठा मार्मिक शब्द आहे. चप्पल कुरकुरते, पाळणा कुरकुरतो आणि माणूसही कुरकुरतो. लाकडाच्या आवाजाला आणि माणसाच्या तक्रारीला मराठीने एकच शब्द दिला आणि त्यात दोघांविषयीचा कंटाळाही मिसळून ठेवला. ग्रीक भाषेतही असेच काहीसे आहे. नव्या करारात या अर्थी येणारा शब्द 'गोंगुस्मोस' हा उच्चारताच आपला अर्थ सांगतो. तोही आवाजावरूनच घडलेला. फिलिप्पैकरांना लिहिताना संत पौल सर्व काही कुरकुर न करता करण्यास सांगतो, तेव्हा तो हाच शब्द वापरतो. हे वचन आपल्या चांगल्याच परिचयाचे आहे. प्रवचनांतून आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडून ते आपण इतक्या वेळा ऐकले आहे की कुरकुर हे एक पापच, आणि तेही बहुधा धाकट्यांचे व स्त्रियांचे, असे आपल्या मनात ठसून गेले आहे.

परंतु प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात हाच शब्द अगदी निराळ्या प्रसंगी येतो. यरुशलेममधील आद्य ख्रिस्ती समूहात रोज अन्नवाटप होई. ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांच्या विधवा त्यात वगळल्या जात होत्या, म्हणून त्या लोकांमध्ये कुरकुर सुरू झाली. आता येथे प्रेषितांनी त्यांना निमूटपणाचा उपदेश केला असता तर तो ऐकला गेला असता. त्यांचा अधिकारच तसा होता. त्यांनी तसे केले नाही. सर्वांना बोलावले, वाटपाची व्यवस्था सदोष आहे हे मान्य केले आणि त्या कामासाठी सात जण निवडवून घेतले. स्तेफन त्यांत पहिला. त्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. यावरून अभ्यासकांनी असा तर्क केला आहे की ज्यांची कुरकुर होती त्यांच्यातलेच लोक वाटपावर नेमले गेले. म्हणजे खणाला दम न देता टेबलाखाली पाचर घातली गेली.

जुन्या करारातही कुरकुरीचा इतिहास एकरंगी नाही. रानात उपाशी असलेल्या इस्राएल लोकांची कुरकुर परमेश्वराने ऐकली आणि त्यांना मान्ना दिला, असे निर्गमात आहे. पुढे गणनेच्या पुस्तकात तेच लोक मिसरातील काकड्या, खरबुजे, कांदे नि लसूण आठवून रडू लागतात, तेव्हा मात्र परमेश्वराचा कोप होतो. पोट रिकामे असतानाची कुरकुर आणि पोट भरल्यानंतर चवीसाठी केलेली कुरकुर यांना एकाच मापाने मोजलेले नाही. द्राक्षमळ्यातील मजुरांचेही पाहावे. सकाळपासून राबलेल्यांनी घरधन्याविरुद्ध कुरकुर केली, ती त्यांना कमी मिळाले म्हणून नव्हे. ठरलेला दीनार त्यांना मिळालाच होता. शेवटच्या तासाला आलेल्यांनाही तेवढेच मिळाले, हे त्यांना सोसवले नाही. तेथे दाब कोणाच्याही अंगावर नव्हता. शेजाऱ्याच्या ताटाकडे पाहणारा डोळा तेवढा होता.

या बाबतीत सहाव्या शतकातील संत बेनेडिक्टची नियमावली मला फार शहाणी वाटते. मठवासीयांच्या कुरकुरीवर त्याच्याइतका कडक माणूस विरळा. कुरकुरत पाळलेली आज्ञा देवाला रुचत नाही, असे तो स्पष्ट सांगतो. पण हाच माणूस मठाधिपतीला बजावतो की, सारी कामे अशा बेताने नेमून द्यावीत की बंधूंना न्याय्य कुरकुरीस कारण उरू नये. 'न्याय्य कुरकुर' हा त्याचा शब्दप्रयोग लक्षात घेण्याजोगा आहे. कुरकुर न्याय्य असू शकते, हे त्याने मान्य केले आणि तिची जबाबदारी वरच्यावर टाकली. स्वयंपाकघरात सेवा करणाऱ्यांना भोजनाच्या आधी तासभर थोडी भाकर आणि पेय नेहमीच्या वाट्याखेरीज द्यावे, असेही तो लिहितो. का, तर इतरांना वाढताना त्यांना कुरकुर करावीशी वाटू नये. ज्याने हे लिहिले त्याने उपाशीपोटी पंगतीला वाढणाऱ्याचा चेहरा पाहिलेला असला पाहिजे. आपल्या घरांत सर्वांना वाढून झाल्यावर शेवटी जेवणाऱ्या बाईसाठी असा नियम कोणी लिहून ठेवला आहे काय?

आणि येथे मला एक कबुली दिली पाहिजे. २००३ साली माझी आई वारली. अंत्यविधीनंतर आप्तेष्टांसमोर चार शब्द बोलण्याचे काम थोरला म्हणून माझ्याकडे आले. मी जे बोललो त्यातील एक वाक्य सर्वांना आवडले होते आणि नंतर दोघा-तिघांनी मला तसे सांगितलेही. मी म्हणालो होतो की, आमच्या आईने आयुष्यात कधी कुरकुर केली नाही. आज ते वाक्य मला टोचते. ते खोटे होते म्हणून नव्हे. आई खरोखरच कुरकुरली नाही. पण ती कोणकोणत्या वस्तू डाव्या हाताने खालून उचलून धरत होती, हे आम्हा भावंडांपैकी कोणालाही ठाऊक नव्हते, आणि न विचारल्याबद्दल आम्ही तिचीच स्तुती करीत होतो.

सोसणे हा गुण नाही, असे मला म्हणायचे नाही. आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढणारी, पोरक्या पुतण्यांना वाढवणारी माणसे मोजमाप न करता सोसतात आणि त्यांच्या मौनासमोर आपण नतमस्तक व्हावे, हेच योग्य. पण ते मौन ज्याचे त्याने स्वेच्छेने धरलेले असते. मी "हळू उघडत जा" म्हणून जे मिळवले, ते या जातीचे नव्हते. दुसऱ्याकडून मौनाची अपेक्षा करणे आणि मग त्याला त्याचा सद्गुण म्हणणे, यात अपेक्षा करणाऱ्याची सोय फार मोठी असते.

असो. वाढईबुवांचे काम अर्ध्या तासात आटोपले. मी पैसे विचारले. ते म्हणाले, "दोनशे द्या जी." आणि माझ्या तोंडून निघून गेले, "अर्ध्या तासाचे दोनशे?" म्हणजे कुरकुरीवर चिंतन करू पाहणाऱ्या माणसाने अर्ध्या तासाच्या आत स्वतःच कुरकुर केली. माझ्या अंगावर कोणता दाब होता? काहीही नाही. पेन्शन वेळेवर येते. त्यांनी शांतपणे सुतळी गुंडाळली आणि मी आणखी काही बोलतो का, याची वाट पाहिली.

मला त्या क्षणी आपल्या गावाचाच इतिहास आठवायला हवा होता; तो संध्याकाळी आठवला. सावली हे खादीचे जुने केंद्र. १९३६ साली फेब्रुवारीअखेरीस आणि मार्चच्या आरंभी गांधी सेवा संघाचे अधिवेशन येथे भरले आणि गांधीजी त्यासाठी येथे येऊन राहिले. त्याच्या आदल्याच वर्षी चरखा संघाने कातणाऱ्यांची मजुरी वाढवण्याचा, त्यांना निदान पोटापुरते मिळेल अशा दराकडे जाण्याचा निर्णय घेतला होता. खादी महाग होईल, खपणार नाही, अशी भीती तेव्हाही व्यक्त झाली होती, आणि ती अगदीच निराधार नव्हती. तरीही ज्या कामावर आपले वस्त्र उभे आहे त्याची किंमत करणाऱ्याच्या पोटावरून ठरवायची, बाजारातल्या स्वस्ताईवरून नव्हे, हा आग्रह धरला गेला. कातणाऱ्या बाया घराघरांत एकट्या बसून कातीत. त्यांची कुरकुर कोणाच्या कानी जाणार होती?

दुरुस्तीचे काम आज असेच एकाकी झाले आहे. प्लॅस्टिकचा नवा तयार खणांचा संच बाजारातून आणणे वाढयाला बोलावण्याहून सोपे पडते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात वस्तू लगेच टाकून न देता पुन्हा वापरणे हेही प्रेमाचे कृत्य होऊ शकते, असे लिहिले आहे. ते वाचून आपण माना डोलावतो. पण वस्तू टिकायची तर ती टिकवणारा माणूसही टिकला पाहिजे, आणि त्याचा दर ऐकून आपल्या भुवया वर गेल्या तर तो आपल्या मुलाला वेगळ्या कामाला लावील. या वाढईबुवांचा मुलगा चंद्रपूरला मोबाइलच्या दुकानात आहे. मी त्यांना दोनशे रुपये दिले. त्यावर पन्नास ठेवू लागलो तर त्यांनी ते परत केले. मला वाटते, त्या पन्नासांत माझी लाज होती आणि ती त्यांना नको होती.

मेणबत्तीचे सांगायचे राहिले. त्यांनी तुकडा मागितला तेव्हा घरात नवी मेणबत्ती नव्हती. वेदीपुढच्या ताटलीत एकच अर्धा जळलेला तुकडा होता. २ फेब्रुवारीच्या सणाला आशीर्वादित करून आणलेल्या मेणबत्तीचा. वादळ-पावसात, कोणी आजारी असता लावण्यासाठी पत्नी तो जपून ठेवते. ती क्षणभर तुकडा हातात घेऊन उभी राहिली. आशीर्वादित मेण खणाला घासावे काय? मी काहीच बोललो नाही. या वेळी तरी मला ते सुचले. बेनेडिक्टच्या नियमावलीत मठाच्या कोठाऱ्याला सांगितले आहे की, मठातील सर्व भांडीकुंडी आणि अवजारे त्याने वेदीवरील पवित्र पात्रांप्रमाणे मानावीत. मी हे वाक्य तिला नंतर सांगितले. तिने ते वाचलेले नव्हते. तिने तुकड्याचे दोन भाग केले, वातीचा भाग ताटलीत परत ठेवला आणि उरलेले मेण वाढईबुवांच्या हाती दिले. त्यांनीही ते दोन्ही हातांनी घेतले, पट्ट्यांवर नीट चोळले, उरलेली कपची परत दिली आणि खण आत सरकवला. आवाज झाला नाही. पत्नीने उजव्या हाताच्या दोन बोटांनी तो दोनदा उघडून मिटून पाहिला.

ते गेल्यावर मी तिला विचारले, "घरात आणखी काय काय तू असं उचलून धरतेस?"

तिला प्रश्न कळला नाही असे मला वाटले, कारण ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मोरीतला नळ फार खाली बसवलाय. बादली भरायची तर दर वेळी पार वाकावं लागतं." तो नळ आम्ही घर बांधले तेव्हापासून तेथेच आहे. जागा मीच दाखवली होती. पुढच्या सोमवारी नळकाम करणारा येतो म्हणाला आहे, आणि यादी अजून संपलेली नाही.